धानाचा कोतवाल गप्प का बसतो?

आज बचतीचा, हप्त्याचा विषय नाही. आज धानाच्या एका रोगाबद्दल बोलायचं आहे. म्हणजे तसा हप्त्याचाच विषय म्हणा ना, कारण आपल्यापैकी बऱ्याचजणींचा गटाचा हप्ता धान घरात आल्यावरच फिटतो. बांधीत रोग आला की पहिला फोन कृषी केंद्रात जातो आणि दुसरा गटाच्या अध्यक्षताईंना. फवारणीसाठी पैसे पाहिजेत, आजच पाहिजेत. गटातून पैसे उचलायचे, दोन-तीन औषधं एकत्र करून मारायची, आणि पंधरा दिवसांनी बांधी आणखीच वाळलेली. असं आमच्या भागात दर पावसाळ्यात कुठं ना कुठं घडतं. म्हणून हा रोग नेमकं करतो काय, ते आज नीट समजून घेऊ.

रोगाचं नाव कडा करपा. धान पोटरीत यायच्या सुमारास पानाचा शेंडा पिवळा पडतो. मग पानाच्या कडेकडेनं एक नागमोडी पिवळी पट्टी खाली उतरत येते आणि मागून वाळून तणसाच्या रंगाची होते. जोराचा पाऊस, वादळ झालं की चार-सहा दिवसांत पट्टेच्या पट्टे असे दिसायला लागतात. लांबून पाहिलं तर बांधीवर कोणी उकळतं पाणी शिंपडलं असं वाटतं. दाणा भरत नाही, लोंबीत फोल जास्त निघतो. साधारणपणे उत्पन्नात 20 ते 30 टक्के घट येते, वाईट वर्षी निम्मं पीकही जातं.

हा रोग जपानमध्ये 1884 सालीच शेतकऱ्यांनी पाहिला होता. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला तो आपल्या महाराष्ट्रातच, 1951 मध्ये. बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात 1963 साली मोठी साथ आली, तेव्हा सगळ्या देशाचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

रोग करणारा जीव म्हणजे एक जिवाणू. शास्त्रज्ञ त्याला झॅन्थोमोनास ओरायझी म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, पण एक गोष्ट विसरू नका: ही बुरशी नाही. एका मिलिमीटरच्या रांगेत पाचशेच्या वर मावतील इतका बारीक हा जीव. डोळ्याला तो दिसत नाही, पण त्याची झुंड दिसते. ती कशी पाहायची, तेही सांगते. रोगट पानाचा हिरवा आणि पिवळा भाग जिथं जुळतो तिथून बोटभर तुकडा कापायचा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचं, आणि तुकड्याचं कापलेलं टोक पाण्यात बुडवून ग्लास उजेडात धरायचा. पाच-दहा मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी धार पाण्यात उतरताना दिसली तर तो कडा करपा. ती धार म्हणजे लाखो जिवाणू. धार नाही दिसली तर रोग दुसरा असेल, किंवा पोटॅशची, जस्ताची कमतरता असेल. या परीक्षेला एक रुपया लागत नाही. औषधाच्या दुकानात जाण्याआधी ती करायची.

आता मुद्द्यावर येते. बैठकांत बाया म्हणतात, "ताई, धान कमजोर होता, म्हणून रोग आला. अजून एक थैली युरिया पडला असता तर टिकला असता." ऐकायला बरोबर वाटतं. आपल्या अंगात ताकद नसली की आपण आजारी पडतो, तसंच धानाचं. पण कडा करप्यात गोष्ट वेगळीच आहे. धान कमजोर नसतो. त्याच्याजवळ राखणदार असतो, शस्त्रं असतात, सगळं असतं. फक्त राखणदाराचं तोंड दाबलेलं असतं.

कसं ते पाहू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी फिरतात, जंतू दिसला की धावून जातात. हे कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी इतकं ऐकलं की तोंडपाठ झालं. झाडाला मात्र रक्त नाही, धावून जाणारं कोणी नाही. पानातली प्रत्येक पेशी, म्हणजे पानाची एक-एक खोली म्हणा, स्वतःचं रक्षण स्वतःच करते. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक राखणदार प्रथिन बसलेलं असतं. त्याला आपण कोतवाल म्हणू. हा कोतवाल प्रत्येक जिवाणूला नावानं ओळखत नाही. तो खूण ओळखतो: जिवाणूच्या शेपटीचा तुकडा, जिवाणूच्या कवचाचा तुकडा, किंवा कोणी आपलीच भिंत पोखरली तर तिचा पडलेला भुगा. अशी खूण दिसली की कोतवाल आत निरोप देतो. एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरं तिसऱ्याला, अशी दवंडी फिरत पेशीच्या मधोमध पोचते, जिथं सगळ्या कामाच्या सूचना साठवलेल्या असतात. त्या सूचनांना जनुक म्हणतात. मग पेशी कामाला लागते. भिंतीला आतून लिंपण घालून ती जाड करते. जिवाणूला जाळणारं रसायन सोडते, आपण जखमेवर टाकतो त्या फेस येणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारखंच. फारच झालं तर ती पेशी स्वतः मरून जाते, म्हणजे जिवाणू तिथंच कोंडला जावा. शेतात रोज असे कितीतरी जंतू पानावर पडतात आणि काहीही न होता मरतात. ते आपल्याला कधी कळतही नाही.

मग कडा करप्याचा जिवाणू आत येतो तरी कसा? पहाटे बांधीवर गेलात तर धानाच्या पानाच्या टोकाला आणि कडेला मोत्यासारखे थेंब दिसतात. आपण त्याला दव म्हणतो. त्यातले बरेच थेंब दव नसतात, पानानंच रात्री मुळातून चढलेलं जास्तीचं पाणी बाहेर टाकलेलं असतं. त्यासाठी पानाच्या कडेला बारीक छिद्रं असतात. ऊन चढलं की काही पाणी पुन्हा आत ओढलं जातं, आणि त्या थेंबात पोहणारा जिवाणूही त्याच्याबरोबर आत जातो. म्हणून हा रोग कडेनं सुरू होतो, आणि नावही कडा करपा. दुसरा रस्ता जखमेचा. वाऱ्यानं पान पानावर घासतं, गारपिटीनं फाटतं, पऱ्हे उपटताना मुळं तुटतात, शेंडे छाटताना पान कापलं जातं. तिथून तो पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरतो आणि पानभर पसरतो.

आत गेल्यावर त्याला खायला पाहिजे, जागा पाहिजे. तो पेशीची भिंत विरघळवणारे रस सोडतो. इथं त्याची पंचाईत होते. भिंत पोखरली की भुगा पडतो, भुगा पडला की कोतवाल जागा होतो. म्हणजे चोराला घर फोडल्याशिवाय पोट भरत नाही, आणि घर फोडलं की आवाज होतो.

यावर जिवाणूनं जो उपाय काढला, तो वाचला तेव्हा मी थक्क झाले. त्याच्याजवळ एक सुई असते. अक्षरशः सुई, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ, प्रथिनांची बनलेली, आणि इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. ती पेशीत टोचून तो स्वतःची प्रथिनं धानाच्या पेशीत सोडतो. ती विष नसतात, त्यांनी पेशी लगेच मरत नाही. त्यांचं काम वेगळं. कोणी कोतवालाच्या निरोपाच्या साखळीतल्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, म्हणजे निरोप पुढं जात नाही. कोणी भिंतीचं लिंपण थांबवतं. कोतवाल ओरडत असतो, पण घरात ऐकू येत नाही. शस्त्रं जागच्या जागी राहतात.

हे कळलं कसं? यातलं मोठं काम आपल्या देशात, हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत झालं. पेशींवर आणि रेणूंवर संशोधन करणारी ही केंद्र सरकारची संस्था. तिथं रमेश सोन्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुई नसलेले जिवाणू तयार केले. बाकी सगळं तेच, भिंत पोखरणारे रसही तेच, फक्त सुई चालत नाही. ते धानाच्या पानात सोडले. काय झालं? पानानं लगेच भिंती लिंपायला घेतल्या, आजूबाजूच्या काही पेशी मेल्या आणि रोग झालाच नाही. एवढंच नाही, नंतर त्याच जागी सुईवाले, धडधाकट जिवाणू सोडले तर त्यांनाही पानानं रोखलं, कारण तोपर्यंत घर जागं झालेलं होतं. म्हणजे धानात ताकद होतीच. ती नुसती झोपवली जात होती.

पुढं त्यांनी शोधलं की झोपवण्याचं काम नेमकं कोणती प्रथिनं करतात. चार सापडली. गंमत अशी की त्यातलं एखादं काढून टाकलं तर जिवाणूचं फारसं अडत नाही, उरलेली सांभाळून घेतात. चारही काढली तेव्हा त्याला धानाची जाग दडपता येईना. आपल्या गटात एक बाई गैरहजर असली तरी बैठक होते, तसंच. जिवाणूनं एका माणसावर भार ठेवलेला नाही. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं.

नुसतं गप्प करून पोट भरत नाही. पाण्याच्या नळीत अन्न फारसं नसतं, साखर तर पेशींच्या आत असते. म्हणून त्याच सुईतून तो आणखी एक जातीचं प्रथिन सोडतो. हे थेट पेशीच्या मधोमध, सूचनांच्या पेटीपर्यंत जातं आणि एका ठरावीक जनुकाच्या बटणावर जाऊन बसतं. ते जनुक आहे पेशीतली साखर बाहेर सोडणारी दारं बनवण्याचं. धानाला ही दारं लागतात, फुलोऱ्यात परागकण पोसायला. पण पानात, नको त्या वेळी, ती उघडली जातात ती जिवाणूच्या हुकमानं. धान स्वतःच्या हातानं त्याला साखर वाढत राहतो. घरातल्याच सुनेकडून चावी घेऊन कोठी उघडावी, तसा प्रकार. (सुना ऐकत असतील तर राग मानू नका. सासूची चावी म्हणा.)

असं करणारा हा एकटा जिवाणू नाही. डाळिंबावरच्या तेल्याचा, लिंबू-संत्र्यावरच्या खैऱ्याचा जिवाणू याच घराण्यातला, त्यांच्याजवळही सुई आहे. खैऱ्याचा जिवाणू साखरेची दारं उघडण्याऐवजी पेशी फुगवणारं बटण दाबतो, म्हणून लिंबावर ते खरबरीत फोड येतात. बटण वेगळं, चाल तीच.

आता उपाय. बुरशीनाशक मारून कडा करपा जात नाही, कारण ही बुरशी नाही. कृषी केंद्रातून 'करप्याचं औषध' मागितलं की बऱ्याचदा बुरशीच्या करप्याचं औषध हातात येतं. विकणाऱ्याचा हेतू वाईट असतो असं नाही. करपा हा शब्दच दोन वेगळ्या रोगांना वापरतात. पण पैसे जायचे ते जातातच. काही ठिकाणी माणसांना देतात त्या जातीची प्रतिजैविकं पिकावर मारतात. ती कृषी सहायकानं किंवा कृषी विज्ञान केंद्रानं सांगितल्याशिवाय बिलकूल हातात घेऊ नका. अशी औषधं शेतात वारेमाप वापरली की जंतू त्यांना सरावतात, आणि उद्या आपल्या लेकरांना तापात तीच औषधं लागू पडेनाशी होतात.

युरियानं तर उलटंच होतं. युरिया जास्त पडला की पानं लुसलुशीत, दाट होतात, बांधीत हवा खेळत नाही, ओल टिकते. जिवाणूला याच्यापेक्षा चांगलं घर कोणतं? रोग दिसल्यावर युरिया टाकणं म्हणजे झोपलेल्या कोतवालाला जेवायला घालणं, त्यातलं बरंचसं चोरच खातो. युरिया हप्त्याहप्त्यानं द्या, रोग दिसला की थांबवा, आणि पोटॅश द्यायला चुकू नका.

खरा उपाय बियाण्यात आहे, आणि तो कसा चालतो हे आता तुम्हाला चटकन कळेल, कारण चोराची पद्धत तुम्ही ऐकली आहे. आफ्रिकेतल्या माली देशातल्या एका रानटी धानावर हा रोग पडत नाही असं शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. त्याचा संकर लागवडीच्या धानाशी करून तो गुण इकडं आणला गेला. 1995 मध्ये अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या गटानं त्यामागचं जनुक शोधून काढलं. तो निघाला एक वेगळा कोतवाल, या जिवाणूची एक खास खूण ओळखणारा आणि मोठ्यानं ओरडणारा. त्याला एक्सए-21 म्हणतात. दुसरा गुण एक्सए-13. यात साखरेच्या दाराचं जनुक शाबूत आहे, फक्त त्याच्या बटणाचा आकार थोडा बदललेला. जिवाणूचं प्रथिन त्यावर नीट बसतच नाही, दार उघडत नाही. आणि धानाला परागकणांसाठी जेव्हा ते दार पाहिजे तेव्हा त्याला ते उघडता येतं. घर तेच, कुलूप बदललं. तिसरा एक्सए-5. हा बांगलादेशाकडच्या जुन्या आऊस धानांत सापडतो. जिवाणूची प्रथिनं बटण दाबायला धानाच्याच एका प्रथिनाची मदत घेतात. यात ते मदतनीस प्रथिन जरा बदललेलं असतं, मदत मिळत नाही.

काही रानटी धानांनी तर सापळाच लावून ठेवला आहे. जिवाणूच्या प्रथिनाला आवडणारं बटण, पण ते अशा जनुकापुढं की दाबलं की ती पेशी मरून जाते आणि जिवाणू अडकतो. चोराच्या चावीनंच घंटा वाजते. मला यातला हा सगळ्यात आवडता भाग, पण आपल्या बाजारात मिळणाऱ्या बियाण्याशी त्याचा सध्या संबंध नाही, म्हणून पुढं जाते.

एकच गुण आणला तर जिवाणू काही वर्षांत बदलतो. नवी खूण धारण करतो, नवी चावी घडवतो. म्हणून हैदराबादच्या सीसीएमबीनं आणि तिथल्याच धान संशोधन संस्थेनं मिळून तिन्ही गुण एका वाणात आणले. सांबा मसुरी, म्हणजे बीपीटी 5204, बारीक आणि चवीचा तांदूळ, पण कडा करप्याला फार लवकर बळी पडायचा. त्याचा सुधारित सांबा मसुरी हा वाण 2008 मध्ये आला. यात बाहेरून जनुक टोचलेलं नाही. आपण गाईचा वळू निवडतो तसा निवडीचा संकर आहे, फक्त कोणत्या रोपात तिन्ही गुण उतरले हे पानाचा तुकडा तपासून आधीच कळतं. त्यामुळं वर्षं वाचतात. उत्तरेतल्या शेतकऱ्यांसाठी पुसा बासमतीचाही असा सुधारित वाण आहे, त्यात दोन गुण आहेत.

म्हणजे तुम्ही सगळ्यांनी उद्याच हे बियाणं आणावं असं मी म्हणत नाही. आपली जमीन, आपलं पाणी, हलका धान की भारी धान, हे सगळं बघूनच वाण ठरतो. पण बियाणं घेताना दुकानात एक प्रश्न विचारायचा: "हा वाण कडा करप्याला सहनशील आहे का?" उत्तर मिळालं नाही तर कृषी विज्ञान केंद्रात विचारायचा. गटानं एकत्र बियाणं घेतलं तर हा प्रश्न एकटीच्या तोंडून जात नाही, पंधराजणींच्या तोंडून जातो. त्याचा फरक पडतो, मी पाहिलं आहे.

आता रोवणीचं. हे काम पूर्ण आपल्या हातात आहे, कारण रोवणीला बांधीत बायाच असतात. पऱ्हे उंच झाले की शेंडे छाटून रोवायची पद्धत आहे. खोडकिड्याची अंडी शेंड्यावर असतात म्हणून छाटा, असंही सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही. पण जिथं दरवर्षी कडा करपा येतो तिथं छाटू नका. एकाच विळ्यानं एकामागून एक पेंडी छाटली जाते, म्हणजे एकाच सुईनं साऱ्या गावाला इंजेक्शन. पऱ्हे कोवळे असतानाच रोवले तर छाटायची वेळच येत नाही. मुळं ओढून, आपटून तोडू नका. पऱ्ह्याच्या वाफ्यात पाणी भरून ठेवलं की रोप अलगद सुटतं. आणि एक्सए-21चा वाण असला तरी हे पाळायचं, कारण तो कोतवाल रोप लहान असताना पुरा जागा नसतो, वय वाढेल तसा ताकदीला येतो.

रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत काही चूड अख्खेच कोमेजून मेले तर ते दोन कारणांनी असू शकतं. मधला पोंगा ओढून पाहा. सहज हातात आला, बुडाशी कुरतडलेला दिसला, तर खोडकिडा. ओढून निघत नसेल तर कडा करप्याचीच ती लवकरची, घातक तऱ्हा. इंडोनेशियात तिला क्रेसेक म्हणतात. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून ओढून पाहिल्याशिवाय पंप पाठीवर घ्यायचा नाही.

मामा तलावाचं पाणी आपल्याकडे बांधीतून बांधीत जातं. रोग आलेल्या बांधीतून पाणी पुढं सोडलं की रोगही पुढं जातो. जमेल तिथं अशा बांधीचं पाणी तोडा, तिला थोडी सुकू द्या. शेजाऱ्याशी धुऱ्यावरून भांडण आधीच असेल तर हे सांगणं अवघड जातं, हे मला माहीत आहे. गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोललं तर जरा सोपं जातं. आणि पानं ओली असताना निंदणाला बांधीत उतरू नका. ओल्या पानावरचे थेंब अंगाला, लुगड्याला लागून पुढच्या चुडाला लागतात. मजुरीला सकाळी सातला बोलावतात, तिथं मजूर बाई काय बोलणार? हे मालकिणीनं समजून घ्यायचं आहे. रोगट बांधीचं निंदण शेवटी आणि ऊन चढल्यावर ठेवायचं.

दोन बायांनी फोन करून विचारलं होतं, ते सांगून थांबते. कडा करप्याच्या धानाचा तांदूळ खायला चालतो का? चालतो. हा जिवाणू माणसाला किंवा जनावराला लागत नाही, त्याची सुई धानाच्या घरासाठी बनली आहे. तणस जनावरांना घातला तरी चालतो, फक्त शेवटच्या दिवसांत औषध फवारलं असेल तर डब्यावर लिहिलेले दिवस जाऊ द्या. मात्र असा तणस पुढच्या वर्षी पऱ्ह्याच्या वाफ्यावर पसरू नका, आणि कापणीनंतरची धसकटं तशीच फुटू देऊ नका. उन्हाळ्यात नांगरून टाका. धान नसतानाच्या महिन्यांत हा जिवाणू धसकटांच्या हिरव्या फुटव्यांवर आणि बांधाकडेच्या जंगली धानावर, गवतावर दिवस काढतो. ती काढायची वेळ मार्च-एप्रिलची.